सासूबाई, सीईटी आणि अर्धं अर्धं

आमच्या सासूबाईंनी उभ्या आयुष्यात कुणालाही भांडणात हरू दिलं नाही, आणि त्यामुळंच त्यांच्या पोखर्णी गावात आजवर भांडण जिंकायचं भाग्यही कुणाच्या नशिबी आलं नाही. गावात तंटामुक्ती समिती निघाली तेव्हा सासूबाईंना तिच्यावर घेण्यावाचून इलाजच नव्हता, कारण गावातली सगळी भांडणं आधीच आमच्या ओट्यावर येऊन बसलेली होती. कुणी तणतणत आलं की सासूबाई पहिल्यांदा दोन सुपं काढायच्या, दोन्हींत तुरीची डाळ ओतायच्या आणि एकेक सूप दोन्ही पक्षांच्या पुढ्यात सारून म्हणायच्या, "पहिले खडे निवडा. मंग बोला." एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरत आलेले गडी खाली माना घालून खडे निवडायला लागायचे आणि निम्मा राग सुपातच राहायचा. ज्या वर्षी गावात भांडणं उदंड, त्या वर्षी आमच्या घरची डाळ अशी स्वच्छ की डोळे झाकून शिजवावी. गावातल्या नरसिंहाच्या दर्शनाला आलेली परगावची माणसंसुद्धा जाताजाता आपलं एखादं भांडण आमच्या ओट्यावर उतरवून जायची.

निवाडा मात्र कायम एकच. अर्धं तुझं, अर्धं त्याचं. दोन भावांत बांधावरच्या लिंबाच्या झाडावरून डोकी फुटायची वेळ आली तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, लाकूड थोरल्याचं आणि सावली धाकट्याची. थोरल्यानं लाकूड तोडावं तर धाकट्याची सावली जाते, म्हणून ते झाड आजही उभं आहे आणि दोघं भाऊ दुपारी त्याच्याच खाली झोपतात. एकीची कोंबडी दुसरीच्या घरात अंडी घालायची, तर सासूबाईंनी ठरवलं की अंडं घरवालीचं, पण त्यातून पिल्लू निघालं तर ते कोंबडीवालीचं. दोघीही खूश होऊन गेल्या आणि आठवड्याभरात पुन्हा आल्या. सासूबाईंनी सुपं काढली.

बरं, बाई शिकलेली नाही म्हणाल तर तसंही नाही. मला बघायला आल्या तेव्हा त्या मुक्त विद्यापीठातून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होत्या. मी पोह्यांचा ट्रे घेऊन आले, तर स्वयंपाक येतो का हे विचारायचं सोडून त्यांनी मला विचारलं, "अर्थशास्त्राचा पेपर लय अवघड जायलाय गं मला. तुला जमतं का?" मी गणिताची मास्तरीण. मी तिथंच चार गोष्टी समजावून सांगितल्या आणि त्या वर्षी त्या पासही झाल्या. माझं लग्न त्या पोह्यांवर ठरलं की अर्थशास्त्रावर, यावर माझं आणि ह्यांचं अजून एकमत नाही. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणतात, "अर्धं पोह्यांवर, अर्धं अर्थशास्त्रावर."

अशा बाईच्या डोक्यात वकिलीचं भूत शिरलं ते सवितामुळं. सविता आमच्या गल्लीतली लेक, सासूबाईंच्या अंगाखांद्यावर वाढलेली. तिला दिली होती गंगाखेडच्या बाजूला. लग्नानंतर वर्षाच्या आत ती परत आली ती मोडका हात गळ्यात बांधून. जेवायला उशीर झाला म्हणून नवरा बोलला, ही उलटून बोलली, त्यानं ढकलून दिलं. दोन्हीकडची माणसं आमच्या ओट्यावर जमली, डाळ निवडून झाली आणि सासूबाईंनी चार माणसांत सांगितलं, "त्यानं हात उचलायचा न्हाई, हिनं उलटून बोलायचं न्हाई. चूक दोघांची बी हाय." सगळे 'बरोबर, बरोबर' म्हणाले. सविता परत गेली. तिनं आपला अर्धा वाटा पाळला, त्यानं पाळला नाही. शेवटी ती माहेरी आली ती कायमची, आणि परभणीच्या कोर्टात पोटगीचा दावा लागला.

त्या दाव्याच्या तारखेला सासूबाई सविताच्या सोबतीला गेल्या होत्या. नवऱ्याच्या वकिलानं उभं राहून सांगितलं की, साहेब, या बाईनं पंचांपुढं स्वतःची चूक कबूल केलेली आहे, चूक दोघांचीही होती असं गावानंच ठरवलेलं आहे. मागच्या बाकावरून सासूबाई ताडकन उठल्या आणि म्हणाल्या, "आमी तसं न्हाई म्हनलो!" त्यांना शिपायानं खाली बसवलं. वकील त्यांच्याकडं वळून हसून म्हणाला, "मावशी, इथं बोलायला काळा कोट लागतो." संध्याकाळी त्या पोखर्णीला न जाता सरळ आमच्या परभणीच्या घरी आल्या, चपला काढायच्या आधीच म्हणाल्या, "वैशाली, वकील व्हायला काय करावं लागतंय?"

मी सांगितलं की आधी सीईटी द्यावी लागते, ती चांगल्या मार्कांनी पार पडली तर कॉलेज, मग तीन वर्षं अभ्यास, मग सनद. "आई, तोवर सविताच्या केसचा निकाल लागून जाईल." सासूबाईंनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "तू शाळंत शिकवायलीस, तुला कोर्टाच्या तारखांचं काय म्हाईत? तिची केस मीच लढनार. त्या वकिलानं माझा शब्द उलटा केलाय, त्यो मी सुलटा करनार." बाहेरगावचं कॉलेज त्यांना परवडण्यासारखं नव्हतं, मामंजी पोखर्णीत शेतीवर एकटे, त्यांना दर शनिवार-रविवार जाऊन बघायला हवं. म्हणजे जागा मिळायला हवी ती परभणीतच, आणि परभणीत जागा थोड्या, पोरं उदंड. हे सगळं मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आपली पेटी घेऊन आमच्याकडं राहायला आल्या. मामंजींना विचारलं तर ते फोनवर एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ दे तिकडं. ओटा तरी मोकळा व्हईल."

पहिली सराव परीक्षा मी संगणकावर लावून दिली आणि पलंगावर बसून वह्या तपासत राहिले. सासूबाई पदर खोचून, पाठ ताठ करून, लढाईला बसल्यासारख्या बसल्या. वेळ संपली, गुण आले. शंभराला बावीस. मी गणिताची बाई आहे, मला आकड्यांची लाज वाटत नाही, पण बावीस बघून मीही हातातली वही मिटून आकडा परत वाचला. चार पर्यायांचा पेपर. डोळे मिटून कुठंही टिचक्या मारल्या तरी शंभराला पंचवीस पडायला हवेत. म्हणजे आमच्या सासूबाई नशिबापेक्षाही मागं होत्या. ह्यांनी दारातून डोकावून आकडा पाहिला आणि तसेच चहा करायला निघून गेले.

"आई, हे बावीस कसे काय पडले?"

"कमी हाय का?"

"आई, शेंगदाणे टाकून कोंबडीला बसवलं असतं तरी पंचवीस पडले असते."

मी असं बोलायला नको होतं म्हणतात लोक, पण मी अशीच बोलते, वर्गातही आणि घरातही. सासूबाईंना राग आला नाही. त्या म्हणाल्या, "मंग कोंबडीचा नंबर लागल. माझा कसा लागल ते सांग."

मी एकेक प्रश्न उघडून बघायला बसले आणि अर्ध्या तासात रोग सापडला. ज्या ज्या प्रश्नाच्या पर्यायांत 'दोघेही' असं काही होतं, तिथं तिथं सासूबाईंनी 'दोघेही' निवडलं होतं. दोघेही जबाबदार, दोघेही दोषी, दोन्ही विधाने बरोबर. आणि जिथं 'दोघेही' हा पर्याय नव्हता, तिथले बरेचसे प्रश्न कोरे सोडले होते. मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, या परीक्षेत चुकलं तर गुण कापत नाहीत! येत नसलं तरी काहीतरी निवडायचं असतं!"

"येत नसताना निवडायचं?" सासूबाई खुर्चीतून उठल्याच. "म्हंजे म्हाईत नसताना सांगायचं की ह्यानंच केलं म्हनून? ती तर खोटी साक्ष झाली! वकिलीच्या परीक्षेलाच खोटी साक्ष?"

बघा म्हणजे. आता याला काय उत्तर द्यावं? मी त्यांना समजावून सांगितलं की कागदावरचे अ आणि ब ही खरी माणसं नसतात. त्यांचा त्यावर विश्वास बसेना. एका प्रश्नात गणपतची शेळी शंकरच्या शेतात शिरते आणि नुकसानभरपाई कुणी द्यावी ते ठरवायचं असतं. वर तत्त्व दिलेलं होतं, ते खाली लावायचं, पाच सेकंदांचं काम. सासूबाईंनी विचारलं, "शेळी गाभन व्हती का?" मी म्हटलं, तत्त्वात तसं काही नाही. "शेताचं कुंपन पडलेलं व्हतं का?" तत्त्वात तेही नाही. "मंग तत्त्व अर्धवट हाय," असं म्हणून त्यांनी तो प्रश्न बाजूला ठेवला. तर्काच्या भागात एका गोल टेबलाभोवती आठ माणसं बसवायची होती आणि क ला ड च्या शेजारी बसायचं नव्हतं. सासूबाईंचं सगळं लक्ष तिथंच अडकलं. "कामून बसंना? काय झालंय त्यांच्यात?" मी म्हटलं, झालं असेल काहीतरी, तुम्ही पुढं चला. "अगं, त्यांचं मिटल्याशिवाय पुढं कसं जायचं? पंगत उठंल अशानं!"

पंगत! मला तिथं पहिल्यांदा वाट दिसली. मी म्हटलं, आई, हे टेबल नाहीच, ही पंगत आहे असं समजा. क म्हणजे तुमची परळीची नणंद, ड म्हणजे जिंतूरची जाऊ, आणि दोघींचं बोलणं बंद आहे. सासूबाईंचे डोळे लकाकले. भावकीतल्या तीसेक लग्नांच्या पंगती त्यांनी बसवलेल्या, कुणाला कुणाजवळ बसवलं तर वाडगी उडतात हे त्यांना तोंडपाठ. बघता बघता त्यांनी आठही जण बसवले आणि वर म्हणाल्या, "ग ला दाराजवळ बसवलाय, त्यो मधीच उठून जातो." ग दाराजवळ हे प्रश्नात नव्हतंच, पण उत्तर बरोबर आलं. तेव्हापासून मांडणीचा एकही प्रश्न त्यांचा चुकला नाही. नात्यागोत्यांच्या प्रश्नांत तर त्यांना शिकवायची सोयच नव्हती. 'फोटोकडे बोट दाखवून एक स्त्री म्हणाली, हा माझ्या नवऱ्याच्या वडिलांच्या एकुलत्या एक मुलाचा मुलगा आहे,' एवढं मी वाचेपर्यंत त्या म्हणायच्या, "अगं भवाने, सरळ माझं पोरगं म्हन की!"

मग त्या पेटल्याच. परभणीचा उन्हाळा म्हणजे काय ते आम्हांलाच ठाऊक. जगात जर्मनी आणि भारतात परभणी असं आम्ही छाती फुगवून म्हणतो खरं, पण मे महिन्यात छाती फुगवायला हवाच मिळत नाही. त्या धगीत सासूबाई सराव परीक्षेला पंखा बंद करून बसायच्या. "परीक्षेत लाईट गेली तर? सवय पायजे." भाकरी थापताना पीठ मळलेल्या हातांनी इंग्रजी शब्दांचे अर्थ घोकायच्या, आणि दर थापेला एक शब्द अशी त्यांची लय बसलेली, एखादा अर्थ आठवेना झाला की भाकरी तेवढ्या जागी पातळ व्हायची. ह्यांनी एकदा पातळ भाकरीचा तुकडा वर धरून विचारलं, "आई, हा कुठला शब्द?" माऊस हातात धरायचं तंत्र त्यांना जमायला वेळ लागला, कारण पाट्यावर वरवंटा रेटावा तसा त्या तो रेटायच्या. पण जमलं. शेजारणी भांडणं घेऊन यायच्या, त्यांना सासूबाई दारातूनच सांगायच्या, "सीईटी झाल्यावर भांडा. तवर दोघी बी गप ऱ्हावा." आणि त्या खरोखर गप राहिल्या.

'दोघेही' मात्र सुटेना. म्हणून मी घरात नियम काढला: विचारलेल्या प्रश्नाला एकच नाव सांगायचं. कुणी नळ उघडा ठेवला? सासूबाई घुटमळत म्हणायच्या, "नळ बी जरा ढिला हाय..." एकच नाव! "मंग... बाळ्यानं." बाळ्या म्हणजे आमचे हे, चाळिशी उलटलेले, जिल्हा परिषदेत वरिष्ठ लिपिक. आमटी कुणी खारट केली? "तू." वर्तमानपत्र कुणी भिजवलं? "बाळ्यानं." पहिल्या पहिल्यांदा नाव घेताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणाच्या पानातलं उचलून घेतायत. नंतर हळूहळू त्यांना गोडी लागली आणि न विचारताही निकाल सुटायला लागले. हे माझ्यावर वैतागून म्हणाले, "तू माझ्या आईला बिघडवायलीस. चाळीस वर्षांत तिनं मला कधी एकट्याला दोषी धरलं नव्हतं." मी म्हटलं, तेच तर चुकलं त्यांचं.

गुण वाढत गेले. बाविसाचे पस्तीस झाले, पस्तिसाचे अठ्ठेचाळीस झाले. पण परभणीत जागा मिळायला जेवढे हवेत तेवढे होईनात. घरातल्या नळाला आणि आमटीला एकच नाव घेणाऱ्या सासूबाई कायद्याच्या प्रश्नाला आल्या की पुन्हा 'दोघेही'वर जाऊन बसायच्या. मला समजेना की अडकतंय कुठं. परीक्षा तोंडावर आलेली, आणि मी शाळेतल्या पोरांवर ओरडते तशी त्यांच्यावर ओरडायला लागले. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "अजून येक पेपर लाव."

असाच एक पेपर लावलेला होता. पुस्तक माझ्या हातात, कारण त्या दिवशी खरंच लाईट गेली होती आणि मी प्रश्न वाचून दाखवत होते. तत्त्व असं होतं की दुसऱ्याला इजा करणारा माणूस त्या इजेला जबाबदार असतो. समोरचा उलटून बोलला एवढ्यावरून इजा करणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. घटना अशी की अ ब ला रागावला, ब उलटून बोलली, अ नं तिला ढकललं आणि तिचा हात मोडला. इजेला जबाबदार कोण? मी यंत्रासारखी वाचत गेले आणि पर्यायही वाचले: अ, ब, दोघेही, कुणीही नाही. वाचून झाल्यावर वर पाहिलं.

सासूबाई माझ्याकडं बघत नव्हत्या. पदरानं मानेवरचा घाम पुसत त्या म्हणाल्या, "परत वाच."

मी परत वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना मला कळलं मी काय वाचतेय ते.

"उलटून बोलनं म्हंजे चूक न्हाई का?"

"असेलही आई. पण हात मोडल्याची जबाबदारी तिची नाही. तत्त्व तसं आहे."

"म्हंजे अ."

"हो, अ."

"येकटा अ." त्यांनी घाम पुसायचा पदर खाली सोडला. मग म्हणाल्या, "त्या वकिलानं माझा शब्द उलटा न्हाई केला गं वैशाली. मी म्हनलेच व्हते. चार मानसांत, ओट्यावर बसून, माझ्याच तोंडानं म्हनले व्हते. पोरीचा हात गळ्यात व्हता आन् मी तिला म्हनले, चूक दोघांची."

मी म्हटलं, तेव्हा तुम्हांला संसार जोडायचा होता, तुमचा हेतू चांगला होता. खरं तर हे मी नेहमीच्या अर्ध्या-अर्ध्याच्या चालीवरच बोलले. सासूबाईंनी मान हलवली. "हेतूचा पर्याय हाय का त्यात?" नव्हता. "मंग ऱ्हाऊ दे. पुढचा वाच." मला वाटलं त्या आता उठतील, देवापुढं जाऊन बसतील, निदान डोळ्यांना पदर लावतील. त्यांनी सगळा पेपर पुरा केला. कायद्याच्या भागात त्यांनी 'दोघेही' निवडलं ते फक्त जिथं खरोखर दोघेही होते तिथंच. त्या दिवशी पहिल्यांदा आकडा साठीच्या पार गेला आणि आमच्या घरात कुणालाही आनंद झाला नाही.

परीक्षेचं केंद्र नांदेडला आलं. मी सोबत गेले. फाटकाबाहेर पोरांचे आईबाप पोरांना शेवटच्या सूचना देत होते, आणि मी सासूबाईंना देत होते: पाणी प्या, घाबरू नका, एकही प्रश्न कोरा ठेवू नका. फाटकावरच्या माणसानं मलाच ओळखपत्र मागितलं. सासूबाई म्हणाल्या, "ती न्हाई, मी." रांगेतली पोरं मागं वळून बघायला लागली, तशी त्यांनी एकीला विचारलं, "तुझं गाव कोन्तं गं?" आणि आत जाईस्तोवर चार पोरींची नाती लावून टाकली. बाहेर आल्या त्या घामानं निथळत. कसा गेला विचारलं तर म्हणाल्या, "कोरा येक बी न्हाई ठेवला. दोन-तीन ठिकानी खोटी साक्ष दिली. नरसिंहाला सांगीन मी, काय सांगायचं ते."

निकाल लागला आणि परभणीतच जागा मिळाली. थोडक्यात मिळाली, पण मिळाली. ह्यांनी गल्लीभर पेढे वाटले, मामंजींनी फोनवर पहिल्यांदाच सलग चार वाक्यं बोलून दाखवली, आणि मी शाळेत शिक्षकांच्या खोलीत इतक्या वेळा सांगितलं की मुख्याध्यापक म्हणाले, बाई, आता पुरे. सासूबाई मात्र पेढ्यांचा पुडा घेऊन पोखर्णीला निघाल्या आणि मला म्हणाल्या, तू बी चल.

सविता दारात शिलाई मशीन घेऊन बसलेली होती. पेढा हातात घेतला आणि तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "काकू, मंग आता माझी केस तुमीच लढा. मी थांबते की. तीन साल काय, निघून जातेत."

याच वाक्यासाठी सासूबाईंनी तो सगळा उन्हाळा काढला होता. मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्या तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "न्हाई. थांबायचं न्हाई. तुझ्या वकीलबाई चांगल्या हायत, त्यास्नीच लढू दे. मला साक्षीला बोलवायला सांग."

"साक्षीला? तुमी तर वकील व्हनार ना?"

"व्हईन की. पर तुझ्या कामाला मी वकील म्हनून न्हाई, साक्षीदार म्हनूनच लागते."

पुढच्या तारखेला त्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. उलटतपासणीला उभा राहिला तो तोच वकील, मावशी म्हणून हसलेला. त्यानं सरळ मुद्द्यालाच हात घातला. "चूक दोघांचीही आहे, असं तुम्हीच सगळ्यांसमोर म्हणाला होता ना? हो की नाही, एवढंच सांगा." मागच्या बाकावर मी पुढं सरकून बसले. सासूबाई कठडा दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "व्हय, म्हनले व्हते. चुकीचं म्हनले. हात त्यानं मोडला, चूक त्याची येकट्याची. मला तवा कुनाला नाराज करायचं नव्हतं म्हनून मी ती निम्मी हिच्या पदरात टाकली." वकील म्हणाला, म्हणजे तेव्हा तुम्ही खोटं बोललात. सासूबाई म्हणाल्या, "खोटं म्हना, भित्रेपना म्हना. माझ्या नावावर लिवा, तिच्या नको." जजसाहेबांनी लेखनिकाला सावकाश तसं सांगितलं आणि टंकयंत्रावर ते उतरत गेलं.

बाहेर आल्यावर आम्ही तिघी कोर्टाच्या आवारात उभ्या राहिलो. वकीलबाई येऊन म्हणाल्या की साक्ष फार चांगली झाली, याचा नक्की उपयोग होईल. सासूबाईंनी सविताच्या पाठीवर हात ठेवला. सविता आजवर त्यांच्यापुढं कधी एक उलटा शब्द बोलली नव्हती. उलटून बोलायचं नाही हा आपला अर्धा वाटा तिनं अजून पाळलेलाच होता. ती खाली बघत म्हणाली, "काकू, हे तवाच म्हनल्या असत्या तर?"

गावभरची भांडणं ओट्यावर मिटवणाऱ्या आमच्या सासूबाईंनी तिच्या पाठीवरचा हात खाली घेतला. त्या म्हणाल्या, "व्हय गं. तवाच म्हनायला पायजे व्हतं." सवितानं मान हलवली. मग तिची पोखर्णीची गाडी लागायची वेळ झाली म्हणून ती गेली, आणि आम्ही दोघी ती फाटकाबाहेर दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभ्या होतो.

दुसऱ्या दिवशी कॉलेजचा पहिला तास होता. मला वाटलं होतं त्या उठणार नाहीत, आणि नसत्या उठल्या तरी मी काही म्हणणार नव्हते. पण सकाळी स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज आला. मी स्कूटीवरून त्यांना कॉलेजच्या फाटकाशी सोडलं. त्यांनी पदर सारखा केला, पिशवी खांद्यावर घेतली आणि नातवंडांच्या वयाच्या पोरांच्या घोळक्यातून आत चालायला लागल्या. एका पोरानं त्यांना कुणाची तरी आई समजून ऑफिस कुठं ते दाखवलं. त्यांनी त्याला वर्ग कुठं ते विचारलं. पाठमोऱ्या त्या मला फार थकल्यासारख्या वाटल्या आणि त्यांची फार माया आली. मी त्या जिना चढून जाईपर्यंत थांबले, मग शाळेची वेळ झाली म्हणून निघाले.